एनएचएलमध्ये गोल का आटले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरांटो, न्यू जर्सी, बॉस्टन अशा ठिकाणी स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बहुतेक वेळा मुलांच्या नादाने आईस हॉकी बघायला लागतात. एखाद-दोन मोसम झाले की शेजारच्या जुन्या शौकिनाकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: पूर्वी गोलांचा पाऊस पडायचा, आता तसं राहिलं नाही. ही तक्रार एका काळापुरती पूर्ण खरी होती, आज अर्धीच खरी आहे. माझं मत आधीच सांगते. गोल घटले ते गोल करणाऱ्यांचं कसब कमी झालं म्हणून नव्हे. गोल अडवणारे झपाट्याने सुधारले आणि नियम त्यांच्या मागून रखडत आले, म्हणून घटले. खालची उत्तरं त्या अंगाने वाचावीत.

हा खेळ आपल्याला माहीत असलेल्या हॉकीपेक्षा किती वेगळा?

बराच. बर्फाची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. गोलकीपर धरून एका वेळी प्रत्येक संघाचे सहाजण बर्फावर असतात. चेंडूच्या जागी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि बाकावर परततो, त्याच्या जागी दुसरा उतरतो. जाळी ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. ही दोन मापं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

गोल नेमके किती कमी झाले?

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलमध्ये १९८१-८२ च्या मोसमात दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात सरासरी ८.०३ गोल झाले. १९९२-९३ मध्ये हा आकडा ७.२५ होता. तिथून उतरण लागली. १९९७-९८ मध्ये ५.२८ आणि २००३-०४ मध्ये ५.१४. बावीस वर्षांत दर सामन्यामागे जवळजवळ तीन गोल नाहीसे झाले.

खेळाडूंच्या आकड्यांतून हे जास्त टोचतं. १९९२-९३ मध्ये टेमू सेलानी आणि अलेक्झांडर मोगिल्नी या दोघांनी प्रत्येकी ७६ गोल केले, आणि सेलानीचा तर तो पदार्पणाचा मोसम होता. २००३-०४ मध्ये सर्वाधिक गोलांचा मान तिघांत विभागला गेला: जरोम इगिन्ला, रिक नॅश आणि इल्या कोवालचुक. प्रत्येकाचे गोल होते फक्त ४१.

ऐंशीच्या दशकात एवढे गोल होतच कसे होते?

तीन-चार गोष्टी एकदम जुळून आल्या होत्या. १९६७ मध्ये लीग सहा संघांवरून थेट बारा संघांवर गेली. १९७९ मध्ये बंद पडलेल्या प्रतिस्पर्धी लीगचे चार संघ आत आले आणि संख्या २१ झाली. संघ भराभर वाढले, पण चांगले बचावपटू आणि गोलकीपर त्या वेगाने तयार झाले नाहीत. त्यात त्या चार संघांपैकी एक एडमंटन ऑयलर्स होता आणि त्यांच्याकडे वेन ग्रेट्स्की होता.

ग्रेट्स्कीने १९८१-८२ मध्ये ८० सामन्यांत ९२ गोल केले. एका मोसमातला तो विक्रम आजही अबाधित आहे. ऑयलर्सनी सलग पाच मोसम ४०० पेक्षा जास्त गोल केले. त्यातल्या १९८३-८४ च्या मोसमात ४४६. ११ डिसेंबर १९८५ ला शिकागोत त्यांनी ब्लॅक हॉक्सना १२-९ असं हरवलं. एका सामन्यात २१ गोल! १९२० मध्ये मॉन्ट्रियलने टोरांटोला १४-७ ने हरवलं होतं, त्या विक्रमाशी ही बरोबरी झाली.

ऑयलर्स लाजवाब होतेच. पण त्या काळातल्या सामन्याचं चित्रीकरण मिळालं तर ग्रेट्स्कीवरची नजर काढून जरा गोलकीपरकडे बघा. तो उभा आहे. फटका खाली आला की एक पाय बाहेर झटकतो, नाहीतर स्टिक आडवी घालतो. दोन पायांमध्ये फट आहे, हातांच्या खाली फट आहे. पायाला चामड्याचे पॅड, आत केस भरलेले. बर्फाचं पाणी शोषून ते तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत चांगलेच जड झालेले असत. आजचा कुठलाही व्यावसायिक नेमबाज त्या फटी बघून हरखून जाईल.

मग मुख्य कारण गोलकीपर हेच का?

माझ्या मते हो, आणि त्याला हिशोबाचा आधार आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोलकीपर शंभरातले साधारण ८७ फटके अडवत. २००३-०४ मध्ये हे प्रमाण ९१ वर गेलं होतं. चारच टक्के, म्हणून सोडून देऊ नका. एका संघाने सामन्यात ३० फटके मारले असं धरा. ८७ टक्के अडले तर ३.९ गोल होतात, ९१ टक्के अडले तर २.७. दोन्ही संघ मिळून २.४ गोलांचा फरक पडला. म्हणजे गायब झालेल्या गोलांपैकी बहुतांश इथेच सापडतात. फटक्यांची संख्या त्या मानाने फारशी बदललेली नाही.

हे श्रेय सगळंच्या सगळं गोलकीपरांना देता येत नाही, हेही खरं. बचाव सुधारला की फटके लांबून आणि अवघड कोनातून मारावे लागतात, ते अडवणं सोपं जातं. तरीही क्रांती झाली ती जाळीच्या तोंडाशीच.

तिचं नाव बटरफ्लाय. फटका येतोय असं दिसलं की गोलकीपर दोन्ही गुडघे एकत्र आणून खाली बसतो आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरतो. जाळीचा सगळा तळ पॅडनी झाकला जातो. वरचे कोपरे मोकळे राहतात, पण तिथे हातमोजे तयार असतात, आणि बर्फावरून वेगाने घसरत असताना चकती वरच्या कोपऱ्यात अचूक बसवणं फार थोड्यांना जमतं. गोलकीपर फटक्याला प्रतिसाद देत बसत नाही, आधीच जास्तीत जास्त जागा व्यापून मोकळा होतो. ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो यांनी हे आधीच्या पिढीत करून दाखवलं होतं. पण त्याचं शास्त्र केलं ते मॉन्ट्रियलचा पॅट्रिक रॉय आणि त्याचे प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेर यांनी. १९८६ मध्ये मॉन्ट्रियलने स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा रॉय २० वर्षांचा होता आणि प्लेऑफमधला (मोसमाअखेरच्या बाद फेरीतला) सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग क्वेबेकमधली पोरं त्याच्यासारखीच गुडघ्यांवर बसायला शिकली, आणि दहा वर्षांत सगळी लीग तसं खेळू लागली.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. असं खाली बसलं की गोलकीपरचं डोकं आडव्या खांबाच्या आसपास, म्हणजे फटक्याच्या वाटेत येतं. जॅक प्लांटने १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये तोंडावर फटका बसल्यावर मास्क चढवूनच बर्फावर परतायचा हट्ट धरला, तोवर गोलकीपर उघड्या तोंडाने खेळत. भरवशाचा मास्क नसता तर बटरफ्लाय शिकायला कोण धजावलं असतं?

शिवाय उंची. १९८०च्या दशकात शिकागोकडून खेळलेला डॅरेन पँग ५ फूट ५ इंच होता. अलीकडच्या काळातला बेन बिशप ६ फूट ७ इंच. जाळी मात्र तेवढीच, ६ बाय ४.

पॅड फुगवल्यामुळे गोल कमी झाले, हे खरं का?

काही अंशी खरं. कृत्रिम धाग्यांचे पॅड आल्यावर वजन घटलं आणि पाणी शोषणं बंद झालं, त्यामुळे आकार वाढवला तरी हालचाल मंदावेना. १९८९ मध्ये पॅडची कमाल रुंदी १० इंचांवरून १२ इंच करण्यात आली. छातीचं आणि खांद्यांचं कवच वाढत वाढत गेलं. सुरक्षेच्या नावाखाली जाळी झाकली जात होती आणि लीगने याकडे फार काळ डोळेझाक केली. मला याचा अजूनही राग येतो. पण फक्त पॅडना दोष देणाऱ्यांनी हेही बघावं की पुढे मापं कापली, तरी गोलकीपरांचे आकडे अनेक वर्षं चढतेच राहिले. तंत्र खरंच सुधारलं होतं.

'न्यूट्रल झोन ट्रॅप' म्हणजे काय?

न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना हे नाव घरचंच असेल, कारण ते सगळ्यात जास्त चिकटलं आहे न्यू जर्सी डेव्हिल्सना.

रिंकच्या मधल्या पट्ट्यात, दोन निळ्या रेषांच्या दरम्यान, हा सापळा लागतो. प्रतिस्पर्धी आपल्या हद्दीतून पक घेऊन निघतो तेव्हा त्याच्यावर धावून जायचं नाही. एकच खेळाडू पुढे राहतो आणि तो पकवाल्याला हळूहळू एका कडेला ढकलतो. बाकी चौघे मागे दोन-दोनच्या ओळीत उभे. मधली वाट बंद, कडेची वाट मुद्दाम उघडी. पकवाला तिकडे वळला की रिंकभोवतीची फळी आणि दोन खेळाडू यांच्यात कोंडला जातो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मोकळी वाटणारी बाजू दाखवून कोपरारक्षकाच्या तोंडी देतात, तसाच हा डाव. त्या काळी आपल्या हद्दीतून निघालेला पास निळी आणि मधली लाल अशा दोन रेषा ओलांडून देता येत नसे. त्यामुळे लांब पास देऊन सापळा चुकवायची सोयही नव्हती.

प्रशिक्षक जॅक लेमेअरच्या डेव्हिल्सनी १९९५ च्या अंतिम फेरीत बलाढ्य डेट्रॉइट रेड विंग्जचा ४-० असा फडशा पाडला. डेट्रॉइटसारखा संघ अडकतो हे दिसल्यावर बाकीचे प्रशिक्षक कसले थांबतात! स्वस्तात मिळालेल्या खेळाडूंना घेऊनही ट्रॅप खेळता येतो, त्याला लागते ती शिस्त. पुढच्याच वर्षी, लीगमध्ये येऊन तीनच वर्षं झालेला फ्लोरिडा पँथर्स अंतिम फेरीत होता.

नव्या संघांमुळे दर्जा पातळ झाला असेल तर गोल वाढायला हवे होते ना?

सत्तरच्या दशकात ते तसंच झालं. १९९१ ते २००० या काळात लीग २१ वरून ३० संघांवर गेली आणि झालं उलटं. दुबळ्या संघाच्या प्रशिक्षकाला आता सोपा मार्ग माहीत होता: मागे राहा, वाट बंद करा, सामना १-१ वर रेटा. कौशल्य विरळ झालं आणि बचावाची शिस्त मात्र सगळ्यांना परवडणारी झाली.

अडवाअडवी आणि ओढाओढीचा त्यात किती वाटा?

सगळ्यात लाजिरवाणा वाटा हाच. वेगाने निघालेल्या खेळाडूच्या कमरेला स्टिकचा आकडा घालायचा, पक नसलेल्याला धरून ठेवायचं, वाटेत उभं राहायचं. नियमांत हे सगळं गुन्हाच होतं, पण पंच दर वेळी शिट्टी वाजवत नसत. मारिओ लेमिओसारख्या असामान्य खेळाडूने या प्रकारांवर वर्षानुवर्षं जाहीर नाराजी व्यक्त केली आणि १९९७ मध्ये पहिल्यांदा निवृत्ती घेतली. (२००० च्या डिसेंबरात तो परतला.) ट्रॅप ही निदान बुद्धीची चाल होती. ही निव्वळ लबाडी होती आणि तिला मूक परवानगी होती.

१९९९ च्या 'त्या' गोलाचं प्रकरण काय आहे?

गोलकीपरला संरक्षण म्हणून तेव्हा असा नियम होता की पक आत जाण्याआधी आक्रमकाचा स्केट जाळीसमोरच्या निळ्या भागात असेल तर गोल रद्द. मोसमभर पायाच्या बोटाएवढ्या फरकावरून गोल रद्द होत होते. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना. शेवटी जूनमध्ये अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, तिसऱ्या जादा सत्रात, डॅलसच्या ब्रेट हलने बफेलोचा गोलकीपर डॉमिनिक हाशेकविरुद्ध गोल केला. त्याचा डावा स्केट त्या निळ्या भागात स्पष्ट दिसत होता. गोल मान्य झाला, डॅलसने कप उचलला, आणि बफेलोत ती जखम आजही ओली आहे. तो नियम त्याच उन्हाळ्यात काढून टाकला गेला.

लीगने शेवटी काय केलं?

२००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. बंद काळात ब्रेंडन शॅनाहन या खेळाडूने इतर खेळाडू, प्रशिक्षक, पंच यांना एकत्र बसवून खेळ कसा सुधारायचा यावर चर्चा घडवली. २००५ मध्ये बर्फावर परतताना लीगने बरंच काही बदललं. दोन रेषा ओलांडणारा लांब पास चालू झाला, गोलकीपरचे पॅड ११ इंचांवर आणले, जाळीमागे गोलकीपरने पक कुठे हाताळायचा यावर मर्यादा आली, आक्रमणाचा टापू वाढवला. सगळ्यात परिणामकारक बदल म्हणजे अडवाअडवीवर पंचांनी सर्रास शिक्षा द्यायला सुरुवात केली.

शिक्षा झाली की त्या संघाचा एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर जातो आणि समोरच्याला पॉवर प्ले मिळतो. २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाला सामन्यामागे जवळजवळ सहा पॉवर प्ले मिळत होते. गोलांची सरासरी ५.१४ वरून सहाच्या वर गेली. सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओवेच्किन हे दोघंही त्याच मोसमात अवतरले, हा चाहत्यांचा भाग्ययोग.

ती वाढ टिकली का?

नाही. खेळाडू शिकले, पंच सैलावले, आणि २०१४-१५ पर्यंत पॉवर प्ले प्रत्येकी तीनच्या आसपास आले. गोलकीपर आता शंभरात ९१.५ अडवत होते. त्यात नवीन भर पडली ती फटक्यासमोर अंग झोकून देण्याची. प्रशिक्षक जॉन टॉर्टोरेला यांच्या न्यूयॉर्क रेंजर्सनी तर यावरच आपली ओळख घडवली. त्या मोसमात डॅलसचा जेमी बेन ८७ गुणांवर लीगमध्ये पहिला आला (गुण म्हणजे गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज). पूर्ण लांबीच्या मोसमात इतक्या कमी गुणांवर पहिला येण्याची वेळ १९६७-६८ नंतर आली नव्हती.

रिंक मोठी केली तर गोल वाढतील ना?

वाटतं तसं, पण होत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं ६० बाय ३० मीटरची, म्हणजे एनएचएलपेक्षा सुमारे १३ फूट जास्त रुंद रिंक वापरली जायची. जास्तीची जागा कडेला मिळते, आणि कडेवरून गोल होत नाहीत. बचाव करणारे मधे दाटी करून निवांत राहतात. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये अशाच रुंद रिंकवर कॅनडाने सुवर्णपदक जिंकताना सहा सामन्यांत मिळून तीनच गोल खाल्ले.

मग जाळीच मोठी का करत नाहीत?

ही मागणी अधूनमधून येते. विरोधकांचं म्हणणं की सगळे जुने विक्रम त्यामुळे निरर्थक होतील. मला हे फारसं पटत नाही, कारण गोलकीपर एवढे वाढल्यावर विक्रमांची तुलना तशीही बिघडलेलीच आहे. तरी जाळीला हात लावण्याआधी पॅड कापावेत आणि शिट्टी वाजवावी, हे मला जास्त योग्य वाटतं.

असा दुष्काळ पूर्वी कधी पडला होता का?

याहून भयंकर! १९२८-२९ मध्ये दोन्ही संघ मिळून सामन्याला तीन गोलही होत नव्हते. मॉन्ट्रियलचा गोलकीपर जॉर्ज हेन्सवर्थ ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल न देता बाहेर पडला. शिकागोने संपूर्ण मोसमात ३३ गोल केले. कारण नियमात होतं: आक्रमणाच्या टापूत पुढे पास द्यायला बंदी होती. पुढच्या मोसमात ती उठवली आणि गोल दुपटीहून वाढले, इतके की खेळाडू आधीच जाळीसमोर जाऊन उभे राहू लागले. मग मोसमाच्या मध्यातच ऑफसाइडचा नवा नियम आणून आवर घालावा लागला. आजच्या वादात हा प्रसंग फारसा कुणी काढत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. गोल आटणं हे नैसर्गिक संकट नाही, हे त्यातून लख्ख दिसतं.

कमी गोल म्हणजे वाईट सामना, असं समजायचं का?

मुळीच नाही. दोन्ही गोलकीपरांनी जीव काढला आणि सामना २-१ झाला तर तो मी अख्खा बघेन. ट्रॅपच्या काळातला २-१ मात्र असा असायचा की मधल्या पट्ट्यात पक वीस मिनिटं अडकलेला आणि गोलकीपरला घामही नाही. बघायचं असेल तर संधी मोजाव्यात. जाळीच्या थेट समोरून किती फटके गेले आणि गोलकीपरला एका खांबाकडून दुसऱ्याकडे झेप घ्यायला लावणारे आडवे पास किती झाले, हे बघितलं की सामना जिवंत होता का ते समजतं.

ग्रेट्स्की मोठा की ओवेच्किन?

६ एप्रिल २०२५ ला ओवेच्किनने न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. ग्रेट्स्कीच्या खात्यातले पुष्कळ गोल सात-आठ सरासरीच्या काळातले, तर ओवेच्किनची जवळपास सगळी कारकीर्द साडेपाच-सहाच्या काळात गेली. फक्त गोल मारण्याबद्दल विचाराल तर मी ओवेच्किनचं नाव घेईन. खेळाडू म्हणून समग्र विचार केला तर ग्रेट्स्की, कारण त्याची गोलसाहाय्यंच त्याच्या गोलांच्या दुपटीहून जास्त आहेत.

आज काय स्थिती आहे?

चांगली आहे. २०१७-१८ पासून हातांवर स्टिक मारण्याबद्दल कडक शिक्षा होऊ लागल्या, गोलकीपरच्या पँट आणि छातीच्या कवचाची मापं घटवली गेली. नवी पिढी वेगवान आहे, आणि पॉवर प्लेमध्ये चार आक्रमक उतरवणं नेहमीचं झालं आहे. २०२२-२३ मध्ये सरासरी ६.३६ वर गेली. १९९३-९४ नंतरची ती सर्वोच्च. त्याच मोसमात कॉनर मॅकडेव्हिडने ६४ गोलांसह १५३ गुण मिळवले. पुढच्या मोसमात टोरांटोच्या ऑस्टन मॅथ्यूजने ६९ गोल केले. लेमिओने १९९५-९६ मध्ये तितकेच केले होते, त्यानंतर तिथवर कुणी पोचलं नव्हतं.

पुन्हा उतरण लागेल, हे ओळखायचं कसं?

पॉवर प्लेच्या आकड्यावर नजर ठेवा, विशेषतः प्लेऑफमध्ये. तिथे पंचांना शिट्टी गिळायची जुनी सवय आहे आणि प्रशिक्षक तेच हेरून पुढच्या मोसमाची आखणी करतात. सामन्यामागे प्रत्येकी तीनच्या खाली आकडा बराच काळ राहू लागला, तर ओढाओढी परत आली असं समजायला हरकत नाही. गोलकीपर फटके किती अडवतात ही दुसरी खूण. सध्या ते प्रमाण शंभरात ९० च्या आसपास उतरलं आहे.